देवबागचा बोअर खारट, आमचाही खारट. मीठ एकच का?

रंगारी_अक्कलकोट_रोड (१२ मे, रात्री ९:४०)

मंडळी, प्रश्न मावसबहिणीचा आहे, विचारतोय मी. ती आपल्या सोलापूरचीच, लग्न होऊन देवबागला गेली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: मालवणच्या खाली, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी जीभ. त्या जिभेवर घर, घरामागे चार खोल्या पर्यटकांसाठी.

परसात सासऱ्यांच्या वेळची विहीर आहे, जेमतेम बारा फूट. पाणी गोड. खोल्या वाढल्या तशी विहीर पुरेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी शेजारीच ६० फुटांचा बोअर मारला आणि दीड एचपीची मोटर बसवली. पहिला उन्हाळा बरा गेला. यंदा एप्रिलपासून पाणी खारट. नुसतं खारट असतं तर एक वेळ चाललं असतं, पण बादलीत भरताना काचेसारखं स्वच्छ असतं आणि तासाभरात तांबूस होतं. साबणाला फेस नाही. चहात दूध घातलं की नासतं.

मी एका रंगशाळेत, म्हणजे टॉवेलच्या डाइंगमध्ये, लॅबला आहे. त्यामुळे खानदानात पाण्याचा प्रश्न आला की फोन मला. पण मला कठीण पाण्यानं लाल रंग कसा मरतो एवढंच कळतं. माझ्या स्वतःच्या जुळे सोलापुरातल्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर १४०० दाखवतो, तिचा २१०० च्या वर. दोन्ही खारट. मग दुखणं एकच का? आणि तिनं आरओ बसवला की काम झालं का?

कडक_भाकरी (१२ मे, रात्री ९:५२)

बहिणीला सांगा, आमटीत मीठ टाकायचं बंद कर. महिन्याला एक पुडा वाचला.

बोअरमास्तर (१२ मे, रात्री १०:१५)

वीस वर्षं गाडीवर काढली आहेत, म्हणून सांगतो. ६० फूट म्हणजे बोअर नाही, झाड लावायचा खड्डा. आपल्याकडं वरचं पाणी मचूळ लागलं की काय करतो? केसिंग, म्हणजे भोकाला आतून पाइप, टाकून वरचं बंद करतो आणि खाली जातो. मोहोळकडं एका शेतात वरच्या पाण्यानं पेरू जळायला लागले होते, साडेचारशेला गोड पाणी लागलं. तिकडं दीडशे तरी मारा म्हणावं. पाणाड्याचा नारळ पाहिजे असेल तर माझ्याकडं नंबर आहे, पण नारळ तिकडं स्वस्त, हे तुमचं तुम्ही बघा.

निवृत्त_भूजल (१३ मे, सकाळी ६:३०)

मास्तर, थांबा. तुमचा सल्ला सोलापुरात दहापैकी चार वेळा बरोबर निघेल, देवबागला दहापैकी दहा वेळा चुकेल. नोकरीतली सहा वर्षं मी किनाऱ्यावर विहिरी मोजत काढली, म्हणून सविस्तर लिहितो. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी मुरमात, भेगांत, थरांच्या सांध्यांत. एक भेग खारट आणि तिच्या खालची गोड, असं होऊ शकतं, कारण दोन्हींची ओळखदेख नसते. वाळूत भेगा नाहीत. सगळी वाळू म्हणजे एकच भांडं, कण न् कण एकमेकाला जोडलेला.

आता त्या जिभेच्या दोन्ही अंगांना खारं पाणी आहे, खालीही खारंच आहे. गोडं पाणी आलं कुठून? फक्त पावसातून. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्या पाच-सहापट. तो वाळूत थेट मुरतो आणि खाऱ्या पाण्यावर तरंगतो, कारण तो हलका. घनमीटरला गोडं पाणी १००० किलो, तर समुद्राचं १०२५ धरा. फरक चाळिसात एकाचा. म्हणून विहिरीतली पातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा जितकी वर, त्याच्या चाळीसपट खोल गोड्या पाण्याचं बूड. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि १९०१ मध्ये हे वेगवेगळं मांडलं.

देवबागसारख्या पट्टीवर पातळी समुद्राच्या अर्धा मीटर वर असली तरी भाग्य. अर्धा मीटर गुणिले चाळीस म्हणजे वीस मीटर, म्हणजे ६५ फूट. तेही कागदावर. प्रत्यक्षात भरती-ओहोटीनं खालीवर घुसळण होते आणि मधे धड गोड नाही, धड खारट नाही असा जाड पट्टा तयार होतो. तुमच्या बहिणीचा ६० फुटांचा पाइप त्या पट्ट्यातच उभा आहे. मास्तर, दीडशेला गेलात तर थेट मिठागर.

आणि हिशोब उलटाही चालतो. मोटरनं पातळी दहा सेंटीमीटर खाली ओढली की बूड चार मीटर वर येऊ पाहतं. मोटरच्या बरोबर खाली खारं पाणी शंकूसारखं उचललं जातं. वरच्या पाण्याला हात न लावता खालून ग्लास भरायला घेतला तर काय होईल, तेच.

बोअरमास्तर (१३ मे, सकाळी ७:०५)

काका, चाळीसपटीचं पटलं. पण वाळूखाली कधीतरी कातळ लागणारच की. त्यात गोड पाणी नसेल कशावरून?

निवृत्त_भूजल (१३ मे, सकाळी ७:४०)

असेलही. नसेलही. पण तिथवर जाताना तुम्ही खाऱ्या थराला भोक पाडून खाली वाट करून देणार. शिवाय वाळूत तुमचा हॅमर चालायचा नाही, भोक वरून ढासळत येईल. तिथं पाण्याच्या झोतानं वाळू धुवत पाइप उतरवतात.

हुरडा_पार्टी (१३ मे, सकाळी ९:२०)

चहात दूध नासतं म्हणालात म्हणून सांगते. माझं माहेर बार्शीकडचं, तिथल्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ तीन शिट्ट्या जादा मागायची. आई रात्रीच चिमूटभर खायचा सोडा टाकून भिजत घालायची. सासरी उजनीचं पाणी, डाळ दोन शिट्ट्यांत मेण. पण ते येतंय चार दिवसांनी! म्हणजे तीन दिवस बोअरची डाळ, एक दिवस उजनीची.

कडक_भाकरी (१३ मे, सकाळी ९:२८)

उजनीची डाळ, पंढरपूरमार्गे. पुण्याची फोडणी.

डाळिंब_सांगोला (१३ मे, दुपारी १:१०)

काकांनी समुद्राचं सांगितलं, छान. पण धाग्याचा अर्धा प्रश्न तसाच राहिला. सोलापूरपासून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि आपण साडेचारशे मीटर उंचीवर बसलोय. मग आमच्या पाण्यात मीठ कुणी टाकलं?

माझ्या विहिरीचं सांगतो. ठिबकच्या तोट्यांवर पांढरा खडा धरतो, आम्ल सोडून साफ करावं लागतं. उन्हाळ्यात बांधाच्या कडेला जमिनीवर पिठासारखी पांढरी साय येते. हे माझ्या आजोबांच्या वेळी नव्हतं. तेव्हा विहिरीवर मोट होती आणि ऊस नव्हता. पाणी द्यायचं, ऊन ते उडवतं, मीठ मागं राहतं, पुढच्या पाण्यानं ते पुन्हा विहिरीत. त्यात पोटॅश टाकतो ते पोटॅशियम क्लोराइडच. क्लोराइड झाड फारसं घेत नाही, खाली जातं. म्हणजे टाकणारे आम्हीच.

श्वेता_चंचुपात्र (१३ मे, दुपारी ३:४५)

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, म्हणून आधी राग काढून घेते. टीडीएस मीटर! ऑनलाइन मागवतात आणि वैद्य होतात. तो मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतो आणि एका ठरावीक आकड्यानं गुणून टीडीएस म्हणून दाखवतो. मीठ कुठलं, हे त्याला कळत नाही. नायट्रेट आहे का, कळत नाही. जंतू तर नाहीच नाही. गटाराचं पाणी आणि खनिज पाणी त्याच्या लेखी सारखं असू शकतं.

१४०० आणि २१०० ची तुलना म्हणजे दोघांना ताप आहे एवढंच. मलेरिया की टायफॉइड, ते वेगळं बघावं लागतं.

रंगारीदादा, दोन्ही बोअर आणि विहीर, तिन्हींचं पाणी तपासून घ्या. क्लोराइड, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट, लोह. आणि विहिरीची जंतूंची चाचणी वेगळ्या निर्जंतुक बाटलीत. मोटर दहा मिनिटं चालू ठेवून मग भरायचं, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची (निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही, नाहीतर कष्ट पाण्यात), काठोकाठ भरायची. जंतूंचा नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी तिकडच्याच लॅबला द्या. एसटीच्या टपावरून सोलापूरला पाठवू नका, प्लीज. लोहाच्या बाटलीत लॅबकडून थोडं आम्ल घालून घ्या, नाहीतर वाटेतच लोह तळाला बसेल आणि अहवालात शून्य येईल.

पेठेतला_पद्मा (१३ मे, संध्या. ६:३०)

काय बे रंगारी, एक विचारू का? तुमच्या रंगशाळेत रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्यावर चढवायला मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) टाकतात. लिटरला पन्नास-साठ ग्रॅम, गडद रंगाला जास्तच. माझे वडील यंत्रमागावर होते, शेजारी डाइंग होतं, गोण्याच्या गोण्या यायच्या. ते मीठ कापडात तर राहत नाही. मग जातं कुठं?

देवबागचं मीठ शोधायला निघालात, आधी घरचं शोधा की राव.

रंगारी_अक्कलकोट_रोड (१३ मे, रात्री १०:२०)

पद्मा, लागलं. आणि लागायला पाहिजेच होतं. आमच्याकडं प्रक्रिया केंद्र आहे, रंग बराचसा निघतो. मीठ निघत नाही. विरघळलेलं मीठ गाळून, तुरटी टाकून निघतच नाही, त्याला आरओ आणि मग आटवणं लागतं, त्याचा खर्च टॉवेलच्या भावात बसत नाही असं मालक लोक म्हणतात. बरोबर की चूक ते मी पगारी माणूस म्हणून इथं लिहीत नाही.

बाकी काकांचा शंकू मला झोपू देईना, म्हणून आज प्रयोग केला. मुलीची माशांची रिकामी काचेची टाकी घेतली, चाळलेली वाळू भरली. तळाला मिठाचं पाणी, त्यात रंगशाळेतला लाल रंग चिमूटभर. वरून झारीनं साधं पाणी, अगदी हळू. काचेतून खाली लाल, वर पांढरं, मधे बोटभर गुलाबी पट्टा. मग सलाइनची नळी वरच्या थरात खोचून तोंडानं हळूच ओढली. साधं पाणी आलं. नळी थोडी खाली सरकवून जोरात ओढली, तर काचेला लागून लाल रंग टेकडीसारखा वर चढत नळीला भिडला आणि तोंडात खारट. बायको म्हणाली, माशांच्या टाकीतलं पाणी पिणारा पहिलाच केमिस्ट.

महत्त्वाचं पुढं आहे. ओढणं थांबवलं, तर टेकडी लगेच खाली बसली नाही. अर्धा तास झाला तरी गुलाबी डाग वाळूत तसाच.

निवृत्त_भूजल (१४ मे, सकाळी ६:१०)

शाबास. तो डाग म्हणजेच तुमच्या बहिणीची पुढची दोन-तीन वर्षं. खारं पाणी यायला एक उन्हाळा पुरतो, धुऊन जायला कित्येक पावसाळे लागतात. चेन्नईच्या उत्तरेला मिंजूरकडे साठच्या दशकाच्या अखेरीपासून किनाऱ्याजवळच्या विहिरींतून शहराला आणि उद्योगांना पाणी ओढलं, समुद्र काही किलोमीटर आत आला. उपसा कमी केला, नदीवर बंधारे घातले, तरी ते मीठ हटायला तयार नाही.

जगन्नाथ_वारी (१४ मे, सकाळी ११:००)

मी कामानिमित्त दीड वर्ष पुरीला होतो. तिथलं पाहिलेलं सांगतो. पुरीही वाळूवर वसलेली. शहराचं पाणी अनेक वर्षं वाळूतल्याच विहिरींतून यायचं, चक्रतीर्थ आणि बलियापांडा असे दोन पट्टे आहेत. मी गेलो तेव्हा वाटलं होतं, समुद्र इतका जवळ, पाणी खारट असेल. तसं नव्हतं. तिथली मोठी डोकेदुखी नायट्रेट. वाळूतच घराघरांचे शोषखड्डे, त्यात यात्रेची गर्दी. वाळू पाणी पटकन आत घेते, आणि संडासाचं पाणीही तितक्याच पटकन. आपल्याकडे काळी माती निदान थोडं अडवून धरते.

तुमच्या बहिणीच्या चार खोल्यांचं सांडपाणी कुठं जातं?

रंगारी_अक्कलकोट_रोड (१४ मे, दुपारी १२:१५)

विचारून सांगतो. (विचारलं. शोषखड्डा. विहिरीपासून "पंचवीस-तीस पावलं".)

श्वेता_चंचुपात्र (१४ मे, दुपारी १२:२०)

अरे देवा.

लक्षद्वीप_रिटर्न (१४ मे, दुपारी २:००)

थोडं अवांतर. कवरत्ती बेटावर पोवळ्याच्या वाळूत असाच गोड्या पाण्याचा पातळ थर आहे, आणि त्यावरच घरांच्या टाक्या. शेवटी २००५ मध्ये तिथं समुद्रातलंच पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला. खोल समुद्रातलं गार पाणी आणि वरचं कोमट पाणी, यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. दिवसाला एक लाख लिटर. सोलापुरात गार पाणी मिळत नाही, त्यामुळे आपल्याला उपयोग नाही.

कडक_भाकरी (१४ मे, दुपारी २:०४)

आपल्याकडं मे महिन्यात नळाचं पाणीच वाफ होऊन येतं, प्रकल्पाची गरज काय?

रंगारी_अक्कलकोट_रोड (२९ मे, रात्री ८:३०)

अहवाल आले. मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहितो.

देवबाग बोअर: क्लोराइड ९५०, सोडियम ४४०, कॅल्शियम १५०, मॅग्नेशियम ७५, कठिणपणा ६८०, लोह ४, नायट्रेट २.

देवबाग विहीर: क्लोराइड ११०, कठिणपणा १९०, लोह जवळपास नाही, नायट्रेट ६२. जंतूंची बाटली दुसऱ्या दिवशी काळी, म्हणजे जंतू आहेत.

माझा बोअर: क्लोराइड ३१०, कठिणपणा ७२०, लोह नाही, नायट्रेट ८८.

आकडे बघून माझंच डोकं फिरलं. बहिणीचं घर आतापर्यंत पिण्याला "गोडी विहीर" आणि धुण्याला "वाईट बोअर" वापरत होतं.

श्वेता_चंचुपात्र (२९ मे, रात्री १०:०५)

क्रमानं बघू.

बोअर. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड साधारण १९,०००. तुमच्यात ९५०, म्हणजे पाच टक्के समुद्र. एवढ्यानंच पाणी तोंडाबाहेर जातं. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) क्लोराइडची इष्ट मर्यादा २५०, दुसरा स्रोतच नसेल तर १०००. २५० गाठायला शंभर तांब्यांत जेमतेम सव्वा तांब्या समुद्र पुरतो.

पण हे नुसतं मिसळलेलं समुद्राचं पाणी नाही. ९५० क्लोराइडबरोबर समुद्राच्या हिशोबानं सोडियम ५३० यायला हवं होतं, आहे ४४०. नव्वद गेलं कुठं? वाळूत थोडीफार चिकणमाती असते, तिच्या कणांवर आधीपासून कॅल्शियम बसलेलं असतं. खारं पाणी पहिल्यांदा आत आलं की सोडियम त्या जागा बळकावतं आणि कॅल्शियम पाण्यात ढकललं जातं. म्हणून सोडियम कमी आणि कॅल्शियम जास्त, म्हणून साबणाला फेस नाही. समुद्र नुकताच आत शिरतोय, याची ही खूण. माघारी जाताना उलटं होतं, तेव्हा पाणी मऊ आणि सोडियमवालं होतं.

निवृत्त_भूजल (३० मे, सकाळी ६:२०)

श्वेताताई, एक हरकत. तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो. कॅल्शियम त्यातूनही विरघळतं. कॅल्शियम वाढलं म्हणून लगेच अदलाबदल धरू नये.

श्वेता_चंचुपात्र (३० मे, सकाळी ९:१५)

मान्य काका, पण शिंपले कॅल्शियम देतील, सोडियम पळवणार नाहीत. नव्वदची तूट शिंपल्यांच्या माथी कशी मारणार? थोडं शिंपल्यांचं, बाकी अदलाबदलीचं म्हणू.

निवृत्त_भूजल (३० मे, सकाळी ९:४०)

म्हणू. तूट माझ्या नजरेतून निसटली. चष्मा बदलायचाय.

आता तांबूस बादली. वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ लेप असतो, म्हणून ती पिवळट दिसते. सांडपाण्यातली घाण आणि जुना पालापाचोळा कुजवताना जंतू आधी पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो संपला की नायट्रेटवर जातात. तेही संपलं की त्या गंजातून काम भागवतात, आणि लोह विरघळून पाण्यात येतं. जमिनीत ते बिनरंगी असतं. बादलीत हवा लागली की पुन्हा गंज, तुमचा तांबूस थर. लोहानंतर सल्फेटची पाळी, तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. तसा वास अजून येत नसेल तर येण्याआधी आवरा.

म्हणून वरच्या विहिरीत, जिथं हवा पोचते, तिथं नायट्रेट ६२, आणि खाली, जिथं हवा नाही, तिथं २. खालचं पाणी स्वच्छ आहे म्हणून नव्हे, तर नायट्रेट वापरून संपलं म्हणून.

डाळिंब_सांगोला (३० मे, दुपारी १:३०)

म्हणजे जिभेला गोड लागतं तेच वाईट?

श्वेता_चंचुपात्र (३० मे, दुपारी २:१०)

इथं तरी तसंच. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिला सवलत नाही. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना सगळ्यात धोका, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, बाळ निळसर पडतं. घरात बाळ असेल तर ते पाणी दुधात अजिबात नको.

आणि उकळलं म्हणजे झालं, असंही नाही. जंतूंसाठी उकळायलाच हवं. पण नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. आरओनं कमी होतं, पण आरओचं टाकाऊ पाणी त्याच शोषखड्ड्यात सोडलं, की काढलेलं सगळं मीठ आणि नायट्रेट परत विहिरीच्या वाटेला.

रंगारीदादा, तुमच्या बोअरचं नायट्रेट ८८. समुद्र नाही, ऊस नाही. तुमच्या कॉलनीत ड्रेनेज आहे का?

रंगारी_अक्कलकोट_रोड (३० मे, रात्री ९:५०)

नाही. प्रत्येक बंगल्याला टाकी आणि शोषखड्डा. माझा बोअर ३८० फूट, म्हणून मी निर्धास्त होतो. काकांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, केसिंग किती? वीस फूट. म्हणजे वरच्या मुरमातलं पाणी केसिंगच्या खालच्या भेगेतून थेट आत. बोअर ३८० चा, पाणी पंचवीस फुटांवरचं.

पद्मा, तू घरचं मीठ शोध म्हणालास ते अक्षरशः खरं निघालं. माणसाच्या लघवीत मीठ आणि नायट्रोजन दोन्ही असतात. कॉलनी दहा वर्षं खाली सोडतेय.

आता एक कबुली. पहिल्या पोस्टमध्ये मी "बोअर मारला" एवढंच लिहिलं. मारा म्हणून सांगणारा मीच होतो. विहीर पुरेना म्हणून दोन वर्षांपूर्वी बहिणीचा फोन आला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं दुसरी उथळ विहीर खणायचं ठरवलं होतं. मी म्हणालो, "भाऊजी, विहिरी कुठल्या काळातल्या, खाली जा." सोलापूरच्या माणसाला दुसरं सुचतच नाही. त्यांना तिथल्या म्हाताऱ्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. केमिस्ट मेव्हण्यापुढं त्यांचं कोण ऐकतं?

बोअरमास्तर (३० मे, रात्री १०:१०)

दादा, मनाला लावून घेऊ नका. मीही तेच सांगितलं असतं. सांगितलंच की, वर बघा.

निवृत्त_भूजल (३१ मे, सकाळी ६:०५)

आता काय करायचं ते. बोअरची मोटर आजपासून बंद. उपटायची घाई नको, पाइप वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, क्लोराइड बघायला कामाला येईल.

शोषखड्डा बंद करून बंदिस्त टाकी, टँकरनं उपसायची. खर्चिक आहे, पण याला पर्याय नाही. छपराचं पाणी साठवायला सिमेंटची टाकी. कोकणात चार खोल्यांचं छप्पर पावसाळ्यात इतकं पाणी देतं की पिण्याची वर्षाची सोय होऊन उरेल.

वापराच्या पाण्याला भाऊजींचा मूळ बेत बरोबर होता, फक्त आडवा करा. पातळीच्या जेमतेम खाली, वाळूत पंधरा-वीस मीटर लांबीचा भोकं पाडलेला पाइप आडवा पुरायचा, भोवती खडी, एका टोकाला छोटी विहीर. मोटर अर्धा एचपीची, दिवसभर थोडी थोडी. दीड एचपीनं अर्ध्या तासात टाकी भरायची हौस सोडायची. साय काढताना चमचा आडवाच धरतात.

रंगारी_अक्कलकोट_रोड (२१ जून, रात्री ९:००)

थोडक्यात खबर. पाऊस लागला. बोअर बंद आहे. बंदिस्त टाकीचं काम पावसानंतर. पिण्याला छपराचं पाणी सुरू केलंय, पहिले दोन पाऊस वाहू देऊन. बहीण म्हणते चहा फाटत नाही, पण चवीला "काहीच लागत नाही", सासूबाईंना ते पाणीच वाटत नाही.

इकडं आमच्या घरी आरओ बसवला. आईला नायट्रेटचं सांगितलं, तर म्हणाली, "दहा वर्षं पितोय, काय झालं?" मी उत्तर दिलं नाही. टाकाऊ पाणी फरशी पुसायला ठेवतो आणि तिथून ते परत शोषखड्ड्यातच जातं, हेही सांगितलं नाही.

बोअरमास्तर (२१ जून, रात्री ९:४०)

काका, एक धंद्याचं विचारतो. माळशिरसला नदीकाठी वाळूत एकाला असा आडवा पाइप टाकून हवाय. आजपर्यंत सगळा हिशोब उभ्या फुटावर केलाय. आडव्याला रेट फुटाचा लावायचा का खोदाईच्या ब्रासचा?